चरबीला कोणी मांस म्हणत नाही

लोमा पोरा, ९ मार्च

ग्रिसेल्दा,

सगळे खुशाल आहोत असं आधी लिहायचं असतं. आम्ही खुशाल नाही, म्हणून ते सोडून देते.

तुझा भाऊ मरता मरता वाचला. एकदा नाही, दोनदा. आणि हे तू कुणाला सांगायचं नाही. फोनवर तर नाहीच, कारण फोन त्याच्याच खिशात असतो. म्हणून हा कागद. मी तिसरीपर्यंत शिकले, मला जास्त लिहायला लावू नकोस.

पहिल्यांदा जानेवारीत झालं. रविवारी दुपारी बरगड्या भाजून पोटभर जेवला. संध्याकाळी घोड्याला पाणी दाखवताना म्हणाला, तळहात खाजतात. मग अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या. ओठ सुजून बाहेर आले. मी म्हटलं, गांधीलमाशी चावली. तासाभरात उतरलं, आम्ही विसरलो. दुसऱ्यांदा झालं कार्निव्हलच्या मंगळवारी. या खेपेला श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि हा फाटकाजवळ आडवा. शेजाऱ्याच्या ट्रकमधून मोठ्या गावच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरीण बाईंनी मांडीत सुई टोचली म्हणून डोळे उघडले.

बाईंनी विचारलं, "गोचिडी चावतात का तुम्हाला?"

आम्ही दोघंही हसलो. कोरिएन्तेसच्या पाणथळात गुरांमागे जन्म काढलेल्या माणसाला विचारतेय! पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, गोचिडीच्या लाळेनं ह्याच्या रक्ताला भलतंच शिकवून ठेवलंय. आता गाईचं मांस पोटात गेलं की रक्त त्याला शत्रू समजतं. लगेच नाही, तीन-चार तासांनी. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. गाय, डुक्कर, मेंढी, चार पायांचं सगळं बंद. पुढच्या वेळी कदाचित दवाखान्यापर्यंत पोचणार नाही, असं माझ्या तोंडावर सांगितलं. कोंबडी चालेल म्हणाल्या.

तुझा भाऊ म्हणतो कसा, "कोंबडी ही भाजी झाली, बाई."

घरी आल्यावर म्हणाला, ती राजधानीतली पोर, तिनं गोचीड चित्रात बघितलीय. आणि दुसऱ्या दिवशी सुरा पाजळायला बसला. तुला ठाऊक आहे तो कोण आहे. दहा गावांत मांस भाजायला कुठंही आग पेटली की इरेनेओ सोतेलोला बोलावणं येतं. मांसाचा वास घेऊन गाय कुठल्या कुरणात चरली ते सांगतो. त्याला मी सांगू की बाबा, तू आता कोंबडी खा?

शुक्रवारी उपास, मांस बंद, म्हणून सुटका होते. ईस्टरपर्यंत शुक्रवार मिळतील. बाकीच्या दिवशी तो जेवला की मी घड्याळाकडे बघत बसते. घशाशी हात नेला की मी उठून उभी. नुसता खोकला तरी हातातलं भांडं पडतं.

तू त्या कारखान्यात मटाराचे बर्गर खोक्यात भरतेस ना? ज्यावरून मी तुला ख्रिसमसला सगळ्यांसमोर गवतखाऊ म्हटलं होतं? ते पाठव. बर्फात घालून बसनं पाठव, माझ्या नावानं. त्याला कळता कामा नये. हसायचं असेल तर हसून घे आणि मग बांधायला घे.

पेत्रोना


रोसारियो, १५ मार्च

वहिनी,

हसले नाही. पत्र वाचून तिथंच जिन्यात बसले. बाबा गेल्यावर मला दादानं वाढवलं. शाळेच्या वाटेवर ओढा आला की मला खांद्यावर घ्यायचा. तो फाटकाजवळ आडवा पडलाय हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

खोकं पाठवलंय. आमच्या इंजिनियर बाईंना विचारून घेतलं, घरच्या माणसासाठी म्हणून. बर्गर मटारातल्या सत्त्वाचा आहे, रंगाला बीट, आणि नारळाचं तेल. त्यात कुठलंही जनावर नाही, हे मी डोळ्यांनी बघते. मोकळा केलास की खिमा दिसतो. भाजताना वास पण बऱ्यापैकी येतो. खरं सांगू? आमच्या पाळीतल्या सगळ्या बाया दुपारच्या डब्यात घरून मांसाचीच पोळी आणतात. त्यामुळे माझं मत विचारू नकोस.

एक लक्षात ठेव. त्याला अंगचं तूप सुटत नाही. तव्याला चिकटतं, फार ठेवलंस तर कोरडं ठणठणीत होतं.

पण वहिनी, चोरून देऊ नकोस. सांग त्याला. दादाच्या नाकाला फसवणं म्हणजे पोलिसाच्या घरात चोरी. आणि कळलं तर तो तुझ्याशी वर्षभर बोलणार नाही. मला भीती वाटते ती दोन्हीची, त्या आजाराची आणि त्याच्या रागाची.

ग्रिसेल्दा


लोमा पोरा, ३० मार्च

ग्रिसेल्दा,

तुझा सल्ला वाचला आणि बाजूला ठेवला. सांगून ऐकणारा माणूस असता तर मी कागद कशाला काळे केले असते? वर्षभर बोलला नाही तर शांतता मिळेल मला. बोलायला जिवंत तर राहू दे.

खोकं उघडलं. बर्फ विरघळल्यावर लाल पाणी सुटलं, ते बघून मला वाटलं, जमलं. कुत्र्याला तुकडा टाकला. त्यानं हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. त्याच्यावर मी धोंडा उगारला, कारण तुझा भाऊ दारातच बसला होता. "काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "पोट बिघडलंय त्याचं."

पहिल्या दिवशी भोपळा आणि मक्यात घालून रस्सा केला. तो जेवायला बसला आणि मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. दोन घास खाऊन थांबला.

"ही गाय म्हातारी होती," म्हणाला.

"असेल."

"म्हातारी आणि दुःखी. चरबीचा टिपूस नाही अंगावर. लुसियो खाटीक आता मेलेल्या गाई विकायला लागला काय?"

खाल्लं मात्र सगळं. त्यानंतर रोज काही ना काही केलं आणि अंगावर एकही गांध नाही, ओठ जिथल्या तिथं. मी देवाला मेणबत्ती लावली. पण ह्याची कुरकुर काही थांबेना. कोरडं आहे, वाळकं आहे. शेवटी टोपी घालून निघाला, लुसियोच्या दुकानात जाऊन त्याच्या डोक्यात खाटकाचा ओंडका घालतो म्हणून. लुसियोकडून मी दोन आठवडे पाव किलो मांस घेतलेलं नाही! तो सरळ तेच बोलला असता. मी फाटकात वाट अडवून उभी राहिले. "तुला आजच्या करंज्या खायच्यात की नाही?" म्हटलं, तेव्हा वळला.

मग मी डोकं चालवलं. डब्यातली गाईची चरबी काढली आणि तुझं मटार त्यात चांगलं परतलं, वर कांदा, जिरं, अंडं. करंज्याही त्याच चरबीत तळल्या. आपल्याकडे उपासाच्या शुक्रवारी पाद्री मांस बंद करतो आणि चरबीत तळलेल्या पोळ्या स्वतः सगळ्यांत आधी उचलतो. मग झालं तर. चरबीला कोणी मांस म्हणत नाही. ग्रिसेल्दा, तुझा भाऊ बोटं चाटत होता! दुसऱ्यांदा मागितल्या. म्हणाला, "आता कशी गाय वाटते." मला हसू आवरेना, पडवीत जाऊन हसले.

काल संध्याकाळी जरा हात खाजवत होता. डास फार झालेत यंदा.

दुसरं खोकं पाठव. मोठं.

पेत्रोना


रोसारियो, ४ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. म्हातारी आणि दुःखी! उद्या इंजिनियर बाईंना सांगते, तुमच्या मटाराला आमच्या दादानं हे नाव ठेवलंय.

चरबीची युक्ती झकास. आईसुद्धा काही कोरडं झालं की डब्यात चमचा घालायची. मला हे आधी सुचायला हवं होतं. डासांना लिंबू चोळ.

खोकं उद्याच्या बसनं येईल. किती दिवसांनी मला शांत झोप लागेल आज.

ग्रिसेल्दा


लोमा पोरा, ५ एप्रिल

ग्रिसेल्दा,

तुझं हसण्याचं पत्र येईल तेव्हा येवो. हे आधी वाच.

तुमच्या कारखान्यात मांस मिसळतात. तू मला खोटं लिहिलंस, नाही तर तुला कुणी खोटं सांगितलं. काल शुक्रवार होता. ह्याच्या पोटात दिवसभरात तुझ्या मटाराच्या करंज्या आणि चहासोबत पोळ्या, एवढंच गेलं. मांसाचा कण नाही. मी स्वतः सगळं रांधलंय. ऊन कलल्यावर गुरं गोचिडीच्या औषधाच्या हौदातून काढताना तिथंच खाली बसला. मी पोचले तर डोळे सुजून बंद, तोंड ओळखू येईना, आणि घशातून तोच आवाज.

बाईंनी मला सुई आणि औषध देऊन ठेवलं होतं. मी आजवर वासरांना टोचलंय, माणसाला कधी नाही. पँट काढायला वेळ नव्हता, वरूनच खुपसली. पहिल्यांदा सुई माझ्याच बोटात गेली. मग तो शेणाच्या चिखलात माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि मी त्याचा श्वास मोजत होते. आत जातोय का, बाहेर येतोय का. आभाळ काळं पडत चाललं होतं, गुरं हंबरत होती, आणि त्याला वाटत होतं मी शेजारी नाहीये. सारखा हाक मारत होता. मी तिथंच होते गं.

वाचला. म्हणतो, "बघ, मांस न खाताही झालं. तुझी डॉक्टरीण खोटी." आणि आता मी त्याला काय सांगू?

उरलेलं खोकं मी पाणथळात फेकून दिलं. नवीन आलं तर तेही फेकीन. विष पाठवायचं होतं तर स्वस्तातलं पाठवायचंस.

पेत्रोना


रोसारियो, ९ एप्रिल

वहिनी,

तू काहीही बोल, मी ऐकून घेईन. पण आधी हे शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र घेऊन मी पाळी सुरू व्हायच्या आत इंजिनियर बाईंकडे गेले. भांडायलाच गेले होते. त्या म्हणाल्या, ह्याच्या आधीचं पत्रही दाखव. दोन्ही त्यांनी टेबलावर ठेवून सावकाश वाचली. मग आधीच्या पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. चरबीची ओळ.

"गाईची चरबी म्हणजे गायच की," त्या म्हणाल्या. "रक्ताला शुक्रवार कळत नाही."

वहिनी, त्या चरबीतच ते सगळं असतं. काही वेळा मांसापेक्षा जास्त बाधतं. पोळ्या त्यातच, करंज्या त्यातच. दादाला जे झालं ते माझ्या मटारानं नाही, तुझ्या डब्यानं. आणि तुझ्या एकटीच्या नाही. ती ओळ मी वाचली होती. वाचून मी तुला "झकास" लिहिलं. खाजणाऱ्या हातांना लिंबू चोळ म्हणून लिहिलं! बाई मूळच्या इथल्या, त्यांना ते पहिल्या झटक्यात दिसलं. आपण दोघी चरबीच्या पोळ्या खाऊन वाढलो, आपल्याला आंधळ्यासारखं दिसलंच नाही.

पत्र पोचेपर्यंत तू पुन्हा तोच डबा उघडशील ह्या भीतीनं मी फोन लावला. दादानं उचलला. वहिनीला दे म्हटलं, तर म्हणाला ती नदीवर गेलीय, बोल. मी बोलले. सगळं. थांबताच आलं नाही मला. मागून गुरांचा आवाज येत होता. मग एकच शब्द म्हणाला, "मटार?" आणि फोन ठेवला.

तवा घासू नकोस, नवा घे. जाळी वेगळी. डबा घराबाहेर. आणि मला माफ कर, नाही तर नको करू, पण काय झालं ते लिही.

ग्रिसेल्दा


लोमा पोरा, २९ एप्रिल

ग्रिसेल्दा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं आणि वाईट पुरतं झालं नव्हतं. आता झालंय. तुझा भाऊ जिवंत आहे, हे पहिल्यांदा वाच आणि मग पुढचं.

तू फोन केलास तो बरा केलास. मी तेव्हा तुला खूप शिव्या दिल्या, तुला ऐकू गेल्या नाहीत एवढंच. मी नदीवरून आले तर तो टेबलाशी बसला होता, टोपी घालूनच.

"रस्सा पण?" म्हणाला.

"हो."

"करंज्या?"

"हो."

"ज्या मी दुसऱ्यांदा मागितल्या?"

"त्याही."

आपण मरणार होतो ह्याचं त्याला काही नाही. आपण ओळखलं नाही, हे लागलं. त्यानंतर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. स्वतःची अंडी स्वतः उकडायचा. मी डबा पुरला, तवा आटलेल्या विहिरीत टाकला, चूल घासून काढली. तो बघायचा आणि बोलायचा नाही. ईस्टर असा गेला.

परवा रविवारी म्हाताऱ्या मालकाच्या, डॉन आपारिसिओच्या मळ्यावर वासरांना डाग द्यायचा दिवस होता. आग ह्याचीच. मी म्हटलं, "जाऊ नकोस." तर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "मग काय करू? बायकांत बसून टोमॅटो चिरू?"

तुला ती रीत आठवत असेल. भाजणाऱ्यानं पहिला तुकडा कापायचा, सगळ्यांसमोर उभ्यानं खायचा, मगच बाकीचे सुऱ्या काढतात. त्याआधी मालकसुद्धा हात लावत नाही. मी सुई एप्रनच्या खिशात घालून गेले. सकाळपासून आगीभोवती ती खुंटाला लावलेली बरगडी गळत होती, चरबी निखाऱ्यात पडून चरचरत होती. इतकी वर्षं तो वास म्हणजे मला सण वाटायचा. परवा ओकारी येत होती.

सगळे गोळा झाले. ह्यानं टोपी मागे सारली, बरगडीच्या कडेचा तुकडा कापला, सुऱ्याच्या टोकावर धरला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. कशाला नको, ते कुणाला कळलं नाही. कुणीतरी ओरडलं, "काय इरेनेओ, आधी तिची परवानगी लागते का आता?" हशा पिकला. आणि त्यानं तो तुकडा तोंडात टाकला. चावला. गिळला. त्याच्या गळ्याची गाठ खाली जाताना मी बघितली. टाळ्या पडल्या. दरवर्षी मी सगळ्यांत जोरात वाजवते.

मी सरळ आगीपाशी गेले, त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "चल."

"अजून वाढायचंय."

"चल, नाही तर इथंच सगळ्यांना सांगते."

आला. मागून एकजण म्हणाला, "पेत्रोनाला फारच घाई झालीय आज!" म्हणू दे.

दवाखान्याच्या खिडकीतली मुलगी विचारते, "काय होतंय ह्यांना?"

"अजून काही नाही."

"मग?"

"होणार आहे."

तिनं आम्हा दोघांकडे नीट बघितलं. धडधाकट माणूस, गालावर आगीची लाली, मिशीला राख. म्हणाली, डॉक्टरीण बाई आत एकीचं बाळंतपण करताहेत, बाहेर बाकावर बसा, काही झालं तर हाक मारा. तिचं तरी काय चुकलं?

ग्रिसेल्दा, मी पूर बघितलेत. आई मरताना बघितलीय. पण त्या बाकासारखं काही नाही. शेजारी आपला माणूस बसलाय, फाटकाच्या खांबासारखा ताठ, काही झालेलं नाही आणि होणार हे ठाऊक आहे. पोटात गेलेलं बाहेर काढता येत नाही. मी त्याचा चेहरा बघत होते. ओठ, कान, मान. पुन्हा ओठ. पापणी लवली की मी उठायची.

बऱ्याच वेळानं तो बोलला. "थुंकणार होतो. सगळे बघत होते."

मी त्याच्या मिशीवरची राख पुसली.

"पेत्रो, मला भीती वाटते."

तो असं कधी बोलला नव्हता. मला वाटलं मरणाची. म्हटलं, बाई आत आहेत, माझ्याजवळ सुई आहे. तर मान हलवली. "त्याची नाही. उद्या कुणी आगीला बोलावलंच नाही तर? मग मी कोण? गुरांमागचा एक म्हातारा." आणि थोड्या वेळानं, "त्या मटाराला वास कशाचा देतात?" मी म्हटलं, ठाऊक नाही, तुझ्या बहिणीला विचार. "वाईट नव्हतं," म्हणाला. "मांस नव्हतं. पण वाईट नव्हतं."

त्याच्या कानाची पाळी लाल दिसायला लागली. मला वाटलं उन्हामुळे. मग लक्षात आलं, ऊन केव्हाच गेलंय.

पुढचं लिहिता येत नाही मला. मी सुई खुपसली, ओरडले, खिडकीतली मुलगी पळत आली, बाई हाताला लागलेलं रक्त तसंच घेऊन आल्या. पुन्हा सुई, नळी, आणखी एक सुई. मला दाराबाहेर काढलं. दाराला काच होती, पण मी बघितलं नाही. आतून आवाज येत नव्हता, आणि त्या शिट्टीच्या आवाजासाठी मी जीव टाकत होते. तो आवाज म्हणजे श्वास तरी होता.

आज दुपारी घरी सोडलं. झोपलाय. आत्ताच जाऊन छातीवर हात ठेवून आले.

पेत्रोना


रोसारियो, ४ मे

वहिनी,

दोघंही इकडे या. घर लहान आहे, पण इथं गोचिडी नाहीत. दादाला आमच्या कारखान्यात रखवालीचं काम मिळेल, मी विचारून ठेवलंय. तिथं राहिलात तर कुणीतरी पुन्हा त्याच्या हातात तुकडा देणार, आणि तो पुन्हा खाणार. प्रत्येक रविवारी दुपारनंतर मी फोन हातात धरून बसते आणि वाजला की उचलायला घाबरते. अशानं किती दिवस काढायचे?

दोन खोकी पाठवलीत. फेकू नकोस.

ग्रिसेल्दा


लोमा पोरा, २६ मे

ग्रिसेल्दा,

खोकी पोचली. फेकली नाहीत. रोसारियोला येत नाही आम्ही. तुझ्या भावाला रखवालीच्या खुर्चीत बसवलंस तर तो गोचिडीशिवायच मरेल.

काल पंचवीस मे, देशाचा सण. चौकात झेंडा, गाणी आणि आग. आठवड्यापूर्वी हा स्वतः डॉन आपारिसिओकडे गेला. मला दाराशी थांबवलं, पण ऐकू येत होतं. म्हणाला, "मला गाईचं मांस चालत नाही. खाल्लं तर मरतो. आग मी लावीन, भाजीन मी. खाणार नाही." म्हातारा आधी हसला. मग हा हसत नाही हे बघून थांबला. बाकीच्यांत कुजबुज. एक म्हणाला, जो स्वतः भाजलेलं खात नाही त्याच्या हातचं आम्ही का खायचं? दुसरा म्हणाला, शेजारच्या गावचा भाजणारा आणू. म्हाताऱ्यानं विचारलं, "मग पहिला घास कोण घेणार, इरेनेओ?"

"पेत्रोना."

आगीपाशी बाई? आजवर कधी झालंय का? सगळ्यांनी आवाज केला. हा म्हणाला, "माझ्या मांसाला इतकी वर्षं नावं ठेवणारी तेवढी एकच आहे. तिला चाललं तर तुम्हाला चालेल." मी दाराबाहेर ऐकत होते. मला चिडायला हवं होतं.

तर काल मी त्या आगीसमोर, सगळ्या गावासमोर उभी. त्यानं सुऱ्याच्या टोकावर तुकडा पुढे केला. मी खाल्ला. तो मांसाकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मीठ?"

"कमी आहे."

"खोटं बोलतेस."

"जरा कमी आहे."

लोक हसले आणि सुऱ्या निघाल्या. ह्यानं बाजूला वेगळ्या निखाऱ्यांवर नव्या तव्यात तुझा बर्गर भाजला, तेल लावून. पोरं ओरडायला लागली, "चर रे इरेनेओ, चर!" तर हा मान वर करून असा हंबरला की डॉन आपारिसिओचा घोडा उधळला. खाऊन झाल्यावर म्हणाला, ग्रिसेल्दाला लिही, हे काही मांसाची जागा घेत नाही. आणि आणखी पाठव म्हणावं.

आता जे तुला सांगायचंय ते. दवाखान्यातून निघताना बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं होतं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गोचिडीचे डाग. आपल्या सगळ्यांचे असतात. म्हणाल्या, तुम्हीही जपा, उद्या तुमचंही रक्त फिरू शकतं, आधी कळायचा काही मार्ग नाही. मी ते मनावर घेतलं नाही. मला त्याचंच पुरे होतं. पण त्यानं ऐकलं होतं, हे मला काल कळलं.

जेवणं झाली, नाच सुरू झाला. हा नाचायला गेला नाही, घोड्याकडे गेला नाही. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला.

"खाजतंय का?"

"काय?"

"हात."

"नाही."

थोड्या वेळानं पुन्हा. "आणि आता?" मी ओरडले, "अरे नाही म्हटलं ना!" हलला नाही. माझे ओठ बघायचा, कान बघायचा. मी शिंकले तर उभाच राहिला. सुई माझ्या एप्रनमधून काढून त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली होती, मला कळलंही नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम होता, मे महिन्याच्या थंडीत. तेव्हा मला समजलं, महिनोन्‌महिने माझं तोंड कसं दिसत असेल.

मी म्हटलं, "जा की नाच जरा, वेड्या."

म्हणाला, "तू गप्प बस."

ऊन जाऊन दिवे लागले तरी तो माझे दोन्ही हात तळवे वर करून स्वतःच्या हातात धरून बसला होता. सोडेचना. म्हणून हे पत्र कालच्याऐवजी आज लिहितेय.

पेत्रोना